शिक्क्यामागचा शिक्का

लहानपणी वाण्याच्या दुकानात गेलो की माझे लक्ष गोळ्यांच्या बरणीइतकेच तराजूशेजारच्या वजनांकडे असे. काळीभोर, लोखंडी, षटकोनी वजने. पालथे केले की तळाशी एक भोक, त्यात ओतलेले शिसे आणि त्या शिशावर उमटवलेला बारीक ठसा. हा ठसा कोणी मारला, असे मी एकदा वडिलांना विचारले. 'सरकारी इन्स्पेक्टर येतो ठरावीक मुदतीने, तो मारतो.' मग मी विचारले, त्या इन्स्पेक्टरचे वजन बरोबर आहे हे कोण बघतो? वडिलांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि 'चल' म्हणाले.

उत्तर मिळाले ते पुढे, इन्स्ट्रुमेंटेशन शिकताना. इन्स्पेक्टरचे वजन खात्याच्या प्रयोगशाळेतल्या वजनाशी ताडून बघतात, ते त्याहून वरच्या, आणि अशी ती शिडी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. तिथे प्लॅटिनम-इरिडियमचा एक छोटा दंडगोल आहे. त्याचा क्रमांक ५७. तो ताडून पाहायचा तो पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या मूळ किलोग्रॅमच्या घराण्याशी. २०१९ साली किलोग्रॅमची व्याख्याच बदलली आणि त्या मूळ वजनाचे राज्य संपले. पण तोवर आमच्या गल्लीतल्या वाण्याच्या शिशावरच्या ठशामागे थेट पॅरिसपर्यंत माणसे उभी होती.

आज मला बोलायचे आहे ते अशाच एका शिक्क्याबद्दल. फक्त तो वजनावरचा नाही. कारखाने, वीजकेंद्रे, पाणीपुरवठा यांच्या पोटात बसून झडपा उघडणाऱ्या आणि पंप बंद करणाऱ्या छोट्या संगणकांवरचा तो शिक्का आहे. हे यंत्र बाहेरच्या माणसाने नेटवर्कवरून छळले तरी आपले काम सोडणार नाही, असे सांगणारा. तो द्यायचा कोणी, आणि देणाऱ्याला तपासायचे कोणी, याचा इतिहास तसा अलीकडचा आहे. माझ्या नोकरीच्या उत्तरार्धात तो घडला, म्हणून मी तो दुरून का होईना पाहिला.

आधी माझी स्वतःची गोष्ट सांगतो. २००३ साली मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात इन्स्ट्रुमेंट खाते सांभाळत होतो. आमच्या रिअ‍ॅक्टरचे तापमान एक कंट्रोलर राखत असे. तापमान वाढले की तो थंड पाण्याची झडप उघडे, उतरले की मिटे. त्याच सुमारास कचेरीचे आणि प्लँटचे नेटवर्क एकमेकांना जोडले गेले होते, कारण साहेबांना उत्पादनाचे आकडे टेबलावर हवे होते. एका दुपारी संगणक विभागातल्या एका मुलाने नेटवर्कवर किती प्रिंटर आहेत हे मोजणारा एक प्रोग्रॅम चालवला. अगदी निरुपद्रवी काम. तो प्रोग्रॅम नेटवर्कवरच्या प्रत्येक दाराची कडी वाजवून 'कोण आहे' असे विचारत जातो. त्याने आमच्या कंट्रोलरचीही कडी वाजवली, आणि कंट्रोलर जागच्या जागी थिजला.

गंमत म्हणजे त्याचा हिरवा दिवा चालूच राहिला. पडद्यावर आकडा होता, तोही योग्यच दिसत होता. आमचा बोर्ड ऑपरेटर बारा वर्षे त्या खुर्चीत बसलेला. त्याच्या लक्षात आले की तापमानाची रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ झाली आहे. खरे तापमान कधीच सरळ रेघेत चालत नाही, ते थोडे तरी वळवळते. त्याने फील्डवरच्या माणसाला ओरडून डायल बघायला सांगितले. डायल अकरा अंश वर होता. हाताने चाक फिरवून बायपास उघडला आणि पुढचे टळले. कोणाला इजा झाली नाही, एक बॅच मात्र गेली.

दुसऱ्या दिवशी कंट्रोलर पुरवणाऱ्यांचा इंजिनिअर आला. तपासून म्हणाला, यंत्र उत्तम आहे, तुमच्या नेटवर्कवर कचरा होता. मी म्हटले, कचरा आला तर यंत्राने काय करावे, हे तुमच्या कुठल्या कागदावर लिहिले आहे? तो भला माणूस होता. थोडा वेळ पाने उलटून म्हणाला, 'कुठेच नाही, साहेब.'

त्या कंट्रोलरबरोबर आलेली प्रमाणपत्रे मी पुन्हा काढून पाहिली. तो किती उष्णता सोसतो, किती कंप सोसतो, विजेचा धक्का बसला तर काय होते, सगळ्याच्या चाचण्या झालेल्या. शेजारच्या जंक्शन बॉक्सला फ्लेमप्रूफ असल्याचे वेगळे प्रमाणपत्र. पण नेटवर्कवरून आलेल्या वेड्यावाकड्या संदेशापुढे तो टिकतो का, हे सांगणारा कागद नव्हता. आणि मी तो मागितला असता, तरी मानाने देऊ शकेल अशी प्रयोगशाळा त्या वेळी कुठे आहे हे मला ठाऊक नव्हते.

असे का झाले असेल? उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल.

यंत्रांच्या तपासणीचा इतिहास बहुतेक वेळा अपघाताने सुरू होतो. आपल्याकडच्या जुन्या गिरणी कामगारांना बॉयलर इन्स्पेक्टर हा शब्द चांगला माहीत असेल. १८६३ साली कलकत्त्यात एका बॉयलरचा मोठा स्फोट झाला, माणसे मेली, आणि पुढच्याच वर्षी बंगालच्या कौन्सिलने बॉयलर तपासणीचा कायदा केला. मग इतर प्रांतांनी आपापले कायदे केले आणि १९२३ साली देशभरासाठी एक कायदा आला. वाफेला ज्या वेगाने माणसे मारता येत होती, त्याच्या पाठोपाठ, जरा धापा टाकत, तपासणी आली. पण बॉयलरचे एक बरे असते. त्याची भिंत पातळ झाली तर हातोडीच्या आवाजावरून जाणत्याला कळते. प्रोग्रॅमवर हातोडी मारता येत नाही.

कारखान्यातल्या या छोट्या संगणकाला पीएलसी म्हणतात. त्याचा जन्म अमेरिकेतल्या मोटार उद्योगात झाला. १९६८ साली जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्स बनवणाऱ्या विभागाला रिलेंच्या भिंतीच्या भिंती नकोशा झाल्या होत्या. दरवर्षी गाडीचे मॉडेल बदलले की हजारो तारा पुन्हा जोडायच्या. डिक मॉर्ली आणि त्याच्या बेडफर्ड असोसिएट्स या छोट्या कंपनीतल्या सहकाऱ्यांनी त्याला पर्याय म्हणून मॉडिकॉन ०८४ नावाचे यंत्र बनवले. ०८४ अशासाठी, की तो त्या कंपनीचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता. यंत्र धुळीत, उष्णतेत, ग्रीसच्या हातांत टिकले पाहिजे एवढीच अट. १९७९ साली मॉडिकॉननेच या यंत्रांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून मॉडबस नावाची भाषा काढली. ती इतकी सोपी आणि चांगली होती की जगभर पसरली. त्या भाषेत 'झडप उघड' असे सांगता येते, पण 'तू सांगणारा कोण?' असे विचारण्याची सोयच नाही. १९७९ साली ती लागणारही नव्हती. तार होती दहा-वीस मीटर, आणि तिच्या दोन्ही टोकांना आपलीच माणसे.

मग त्या तारेच्या जागी कचेरीतले नेटवर्क आले, आणि दोन्ही टोकांना कोण आहे हे कळेनासे झाले.

२००० सालच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमधल्या मरुची परगण्यात, सांडपाण्याचे पंप आपोआप बंद पडू लागले. सुमारे दीडशे पंपिंग स्टेशने रेडिओने नियंत्रित होत. आधी सगळ्यांना वाटले नव्या यंत्रणेत दोष आहे. शेवटी कळले, की ती यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीतून बाहेर पडलेला आणि नंतर पालिकेने नोकरी नाकारलेला एक माणूस गाडीत संगणक आणि रेडिओ घेऊन फिरत होता आणि स्वतः एक पंपिंग स्टेशन असल्याचे भासवून हुकूम सोडत होता. आठ लाख लिटर मैलापाणी बागांत, ओढ्यांत आणि एका मोठ्या हॉटेलच्या आवारात गेले. पंपांनी त्याचे ऐकले, कारण न ऐकायला कोणी त्यांना शिकवलेच नव्हते. २००३ साली, म्हणजे आमच्या रिअ‍ॅक्टरच्याच वर्षी, स्लॅमर नावाचा किडा अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेव्हिस-बेसी अणुवीजकेंद्रात शिरला आणि सुरक्षेचे आकडे दाखवणारा पडदा जवळजवळ पाच तास बंद राहिला. केंद्र तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होते, हे नशीब. आणि मार्च २००७ मध्ये आयडाहोच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत मुद्दाम एक प्रयोग झाला. एका मोठ्या डिझेल जनरेटरचा ब्रेकर नेटवर्कवरून चुकीच्या क्षणी पुन्हा पुन्हा उघडला-मिटला. तो अवजड जनरेटर हादरला, धूर ओकला आणि निकामी झाला. त्याची फीत त्याच वर्षी दूरचित्रवाणीवर आली. आमच्या धंद्यातल्या ज्या लोकांनी ती पाहिली त्यांची झोप त्या रात्री बरी लागली नसणार.

त्याच २००७ साली अमेरिकेतल्या इन्स्ट्रुमेंटवाल्यांच्या जुन्या संघटनेने, आयएसएने, एक वेगळी संस्था काढली. त्यात यंत्र विकत घेणारे होते, शेव्हरॉन आणि एक्सॉनमोबिलसारखे. आणि यंत्र बनवणारेही होते, हनीवेल आणि योकोगावासारखे. योजनेला नाव दिले आयएसए-सिक्युअर. विकणारा आणि घेणारा एकाच टेबलावर बसून परीक्षेचा अभ्यासक्रम ठरवतात, हे मला अजूनही नवल वाटते. आपल्याकडे ते सहसा कोर्टातच एका टेबलाशी येतात.

परीक्षेचे तीन पेपर होते. पहिल्यात यंत्रात सुरक्षेच्या सोयी आहेत का ते पाहायचे: परवलीचा शब्द मागते का, कोणी काय केले याची नोंद ठेवते का, अशा. दुसऱ्यात यंत्र बनवणाऱ्याच्या घरात डोकावायचे: प्रोग्रॅम लिहिताना शिस्त होती का, सापडलेल्या चुका कशा हाताळल्या. तिसरा पेपर माझ्या आवडीचा, कारण तो आमच्या प्रिंटर मोजणाऱ्या मुलाचाच थोरला भाऊ आहे. यंत्र टेबलावर मांडतात, चालू करतात आणि त्याला एक साधे काम देतात. एका तारेवर ठरलेल्या ठेक्यात चालू-बंद, चालू-बंद असा इशारा देत राहायचे. मग दुसऱ्या बाजूने त्याच्यावर संदेशांचा मारा सुरू करतात. आधी नुसता पूर. नंतर विकृत संदेश. पाकिटावर लिहिले आहे पन्नास ग्रॅम आणि आत वीट. पत्ता आहे पण गाव नाही. पत्राला उत्तर मागितले आहे, पण पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचेच नाव. लाखो पत्रे, प्रत्येक वेगळ्या प्रकारे चुकलेले. आणि या सगळ्या वेळात परीक्षक त्या पत्रांकडे बघत नसतो. तो बघतो ठेक्याकडे. नेटवर्कवरचे बोलणे तुटले तरी चालेल, पण त्या तारेवरचा ठेका ठरलेल्या मर्यादेपलीकडे चुकता कामा नये. माझ्या दृष्टीने यात फार समज आहे. पूर आलेला असताना यंत्राने कोणाशी गप्पा माराव्यात अशी अपेक्षाच नाही. झडप सांभाळ, बाकी नंतर.

पण परीक्षा ठरली, तरी ती घ्यायची कोणी? इथे त्या लोकांनी केलेली गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. परीक्षा ठरवणाऱ्या संस्थेने ती स्वतः घ्यायची नाही असे ठरवले. परीक्षा घेणार स्वतंत्र प्रयोगशाळा. आणि त्या प्रयोगशाळा लायक आहेत की नाहीत हेही या संस्थेने ठरवायचे नाही. ते ठरवणार तिसरेच कोणी: प्रयोगशाळांना मान्यता देणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे अशी मान्यता मंडळे.

ही मान्यता मंडळे काही या संगणकांसाठी जन्मली नव्हती. त्यांची कल्पना ऑस्ट्रेलियातली. दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याच्या चाचण्या करायला विश्वासार्ह प्रयोगशाळा पुरेशा नाहीत हे तिथे लक्षात आले, आणि १९४७ साली त्यांनी देशातल्या प्रयोगशाळा तपासणारी पहिली संस्था काढली. १९७७ साली कोपनहेगनमध्ये अनेक देशांचे लोक याच कामासाठी जमले. २००० साली वॉशिंग्टनमध्ये करार झाला, की एका देशाच्या मंडळाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल दुसऱ्याने मानायचा. आपल्याकडची एनएबीएल या करारात सामील झाली. पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टवर कोपऱ्यात ही अक्षरे तुम्ही पाहिली असतील. रक्तातली साखर असो की कंट्रोलरचा ठेका, मान्यता देणाऱ्यांचे प्रश्न बरेचसे तेच असतात.

मी स्वतः एका कॅलिब्रेशन लॅबच्या मान्यतेच्या वेळी त्या खुर्चीसमोर बसलो आहे, म्हणून सांगतो. मान्यता द्यायला आलेला माणूस यंत्राविषयी फारच थोडे विचारतो. ही चाचणी काल कोणी केली? त्याला ती येते हे तुम्ही कशावरून ठरवले? तोच नमुना दुसऱ्याला दिला तर उत्तर तेच येईल का? दाखवा. तुमचा पगार कोण देतो? नापास झालेल्याचा फोन वरच्या साहेबांना आला तर काय होते? मागच्या वेळी काय झाले? या शेवटच्या प्रश्नाला आमचे साहेब खिडकीबाहेर बघू लागले होते.

हा पैशाचा प्रश्न या सगळ्या व्यवस्थेचा दुखरा भाग आहे. यंत्राच्या चाचणीचे पैसे यंत्र बनवणाराच देतो. परीक्षकाची फी विद्यार्थ्याच्या खिशातून. म्हणून नियम असा, की ज्याला प्रमाणपत्र द्यायचे त्याला पास होण्याची शिकवणी त्याच संस्थेने द्यायची नाही. नियम कागदावर आहे हे बघणे सोपे. तो पाळला जातो हे बघायला वेळोवेळी पुन्हा जावे लागते. आणि मंडळांना कोण तपासते? दुसऱ्या देशांची मंडळे. वाण्याच्या वजनाची शिडी पॅरिसजवळच्या एका धातूच्या तुकड्यापाशी संपत होती. या शिडीच्या वरच्या टोकाला असा तुकडा नाही. तिथे माणसे गोल करून बसली आहेत आणि प्रत्येक जण शेजाऱ्याची वही तपासतो आहे.

या पद्धतीने पेनसिल्व्हेनियातल्या एक्झिडा या संस्थेला पहिली मान्यता मिळाली आणि २०११ साली हनीवेलचा एक सुरक्षा-कंट्रोलर ही परीक्षा पास झालेले पहिले यंत्र ठरला. माझ्या रिअ‍ॅक्टरनंतर आठ वर्षांनी.

पुढची पायरी जपानमध्ये पडली, आणि तिथली जागा सांगितल्याशिवाय राहवत नाही. जपानच्या ईशान्येला मियागी प्रांतात तागाजो नावाचे शहर आहे. तेराशे वर्षांपूर्वी तिथे किल्ला होता, राज्याच्या सीमेवरचा. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत या शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. सोनीचा कारखाना होता, तोही बुडाला. पुढे त्याच आवारात पुनर्वसनासाठी नवे उद्योग आणि संशोधन आणायचे ठरले, आणि २०१२ साली स्थापन झालेल्या कंट्रोल सिस्टिम सिक्युरिटी सेंटरने तिथल्या एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर आपली प्रयोगशाळा थाटली. तिथे खेळण्यासारखी, पण खऱ्या कंट्रोलरवर चालणारी ठिकाणे उभी केली: रासायनिक प्लँट, गॅस प्लँट, सांडपाण्याची यंत्रणा, मोटार जुळणीची लाइन, एक अख्खी इमारत. हल्ला झाला की काय होते, हे तिथे पाण्याची पातळी वाढताना डोळ्यांनी बघता येते.

पण केवळ प्रात्यक्षिक हा हेतू नव्हता. जपानी कंपन्यांना आपले कंट्रोलर अमेरिकेत पाठवून तपासून घ्यावे लागत. सगळे कागद इंग्रजीत करायचे. शिवाय त्या दुसऱ्या पेपरसाठी आपण प्रोग्रॅम कसा लिहितो हे परदेशी माणसाला उलगडून दाखवायचे. ज्यांनी परदेशी ऑडिटरसमोर आपल्या खात्याच्या फायली मांडल्या आहेत त्यांना यातला संकोच कळेल. म्हणून तागाजोच्या केंद्राने प्रमाणपत्र देणारी प्रयोगशाळा सुरू केली, जपानच्या मान्यता मंडळाने ती तपासली, आणि अमेरिकेतल्या योजनेने त्या मंडळाचा शब्द ग्राह्य धरला. २०१४ साली हिताची आणि योकोगावा यांच्या कंट्रोलरना तिथे, जपानी भाषेत परीक्षा देऊन, तोच शिक्का मिळाला. वजन तागाजोत तपासले, पण ते ह्यूस्टनच्या तराजूत चालू लागले.

आता कोणी म्हणेल, शिक्का आला, प्रश्न मिटला. तसे झाले नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

जून २०१० मध्ये स्टक्सनेट सापडला. इराणच्या नतान्झमधली युरेनियमची सेंट्रिफ्यूज यंत्रे बिघडवण्यासाठी तो बनवलेला होता. सीमेन्सच्या पीएलसीत शिरून तो चक्रांचा वेग बदले आणि पडद्यावर मात्र आधी टिपून ठेवलेले शहाणे आकडे दाखवी. आमची सरळ रेघ निदान अपघाताने सरळ झाली होती; ही मुद्दाम आखलेली. आणि तो विंडोजच्या संगणकांत शिरला कसा? त्याच्याकडे प्रमाणपत्र होते. तैवानमधल्या रिअलटेक आणि जेमायक्रॉन या दोन प्रतिष्ठित कंपन्यांच्या खऱ्या डिजिटल सह्या चोरून त्यावर मारल्या होत्या. संगणकाने शिक्का पाहिला आणि दार उघडले.

दुसरी गोष्ट २०१७ ची, सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल प्लँटची. तिथे हल्लेखोर ट्रायकॉनेक्स या सुरक्षा-कंट्रोलरपर्यंत पोचले. काहीही बिघडले तरी प्लँट सुखरूप बंद करणे हेच ज्याचे काम, त्याच्या पोटातला प्रोग्रॅम ते बदलू पाहत होते. या कंट्रोलरला बाहेरून एक किल्ली असते, साधी फिरवायची. एका बाजूला 'रन', दुसऱ्या बाजूला 'प्रोग्रॅम'. ती 'रन'वर असती तर बाहेरून प्रोग्रॅम बदलता आला नसता. ती 'प्रोग्रॅम'वर ठेवलेली होती. हल्लेखोरांच्या स्वतःच्या चुकीने कंट्रोलर अडखळला, त्याने प्लँट बंद केला, म्हणून सगळे उघडकीला आले. अशा किल्ल्या मी शेकडो वेळा 'प्रोग्रॅम'वर सोडलेल्या पाहिल्या आहेत. पुन्हा उठून पॅनेलपर्यंत जायचा कंटाळा, दुसरे काही नाही. प्रयोगशाळा किल्ली तपासू शकते. ती फिरवायला रात्रपाळीला येऊ शकत नाही.

आपल्याकडे हा विषय खऱ्या अर्थाने घराघरात आला तो १२ ऑक्टोबर २०२० ला. सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. करोनाचे दिवस, इस्पितळे भरलेली. मी ठाण्यात घरी होतो आणि सेलवरचा ट्रान्झिस्टर शोधत होतो. कळवा-पडघा वाहिन्यांतल्या बिघाडापासून सुरुवात झाली असे सांगितले गेले. पुढे १ मार्च २०२१ ला राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देत घातपाताची शंका बोलून दाखवली. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले, ती मानवी चूक होती, सायबर हल्ला नव्हे. दोघांपैकी कोण बरोबर, यावर मी निकाल देणार नाही. मला त्यात वेगळेच दिसते. बॉयलर फुटला तर पत्र्याचे तुकडे गोळा करून इन्स्पेक्टर सांगू शकतो, जोड कुठे सुटला. इथे एवढे मोठे शहर अंधारात गेले आणि लोकांसमोर ठेवता येईल असा, दोघांनाही मानावा लागेल असा तिसऱ्याचा शब्द नव्हता.

योगायोग असा, की त्या घटनेच्या तीनच महिने आधी, २ जुलै २०२० ला, केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने आदेश काढला होता: वीजयंत्रणेसाठी आयात होणारी सामग्री देशातल्या, मंत्रालयाने नेमलेल्या प्रमाणित प्रयोगशाळांत घातक प्रोग्रॅमसाठी तपासून घ्यावी. २०२१ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे आणली. दिशा योग्यच. माझ्यासारख्याच्या मनात प्रश्न येतो तो साधा. 'घातक काही सापडले नाही' आणि 'छळले तरी ठेका चुकत नाही' या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. पहिलीत चोर घरात लपला आहे का ते बघायचे. दुसरीत दार किती मजबूत आहे ते. दुसरी परीक्षा घेणारी माणसे तयार व्हायला वर्षे लागतात. यंत्रे विकत आणता येतात. वीट भरलेले पाकीट कसे बनवावे हे सुचणारी माणसे आणता येत नाहीत. युरोपने तर नेटवर्कला जोडता येणाऱ्या वस्तूंसाठी २०२४ मध्ये कायदाच केला. त्यातली मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासूनची आहेत. पुण्या-नाशिककडे कंट्रोलर आणि पॅनेल बनवून युरोपला पाठवणाऱ्यांना आता हे सगळे शिकावेच लागणार.

मध्यंतरी रात्री नऊच्या सुमारास फोन आला. माझ्या हाताखाली ट्रेनी म्हणून आलेला एक मुलगा आज एका कारखान्यात खातेप्रमुख आहे. कंट्रोलरच्या खरेदीची फाइल त्याच्यासमोर होती.

'सर, प्रमाणपत्र आलंय. मान्यताप्राप्त लॅबचं आहे, नंबर वेबसाइटवर ताडून पाहिला. खरं आहे.'

'मग अडलं कुठे?'

'प्रमाणपत्रावर फर्मवेअरची आवृत्ती आहे तीन पॉइंट दोन. हे लोक देतायत चार पॉइंट शून्य. म्हणतात, नवी आहे म्हणजे जास्तच चांगली. तिची चाचणी चालू आहे.'

फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या पोटातला प्रोग्रॅम. तो बदलला की परीक्षा दिली त्याने नव्हे, त्याच्या धाकट्या भावाने, असा प्रकार. मी विचारले, जुनी आवृत्ती मिळते का? तो म्हणाला, मिळते, पण सहा आठवडे उशीर, आणि शटडाऊन पुढच्या महिन्यात आहे; वरून रोज विचारणा होते. सहीसाठी फाइल सकाळी हवी आहे.

'अरे, तुझ्या रिअ‍ॅक्टरवर हा कंट्रोलर नक्की काय चालवणार?' मी विचारले.

'थंड पाण्याची झडप, सर.'

थोडा वेळ दोघेही गप्प होतो. मग त्याने सांगितले, की सायबर सुरक्षेच्या रकान्यात तो 'दिलेल्या आवृत्तीस प्रमाणपत्र लागू नाही' असे लिहून सही न करता फाइल वर पाठवतो आहे. मी त्याला म्हटले, लिहिताना तारीखही घाल.